कीर्तनकाराचा घसा आणि प्रयोगशाळेतलं जेल

प्रश्न : वय 52, कीर्तन करतो. स्वरतंतूवरची गाठ दीड वर्षापूर्वी काढली. बोलणं निभतं, पण काळी एकचा तार सा लागतच नाही, नुसती हवा जाते. व्रण राहिलाय म्हणतात. हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून ठेवणारं मऊ जेल, टोचून स्वरतंतू दुरुस्त करता येतो, असं वाचलं. मुलगा म्हणतो, ‘जेलचं इंजेक्शन’ शहरात मिळतंय. घेऊ का?
– एक वाचक, पंढरपूर

उत्तर : महाराज, घाई नको. मिळतंय ते बहुधा हायल्युरॉनिक ॲसिडचं जेल. एक स्वरतंतू लुळा पडून मधे फट राहिली, की त्याला आत सरकवायला आम्ही घशाचे डॉक्टर ते टोचतो. काही महिन्यांत ते विरून जातं. व्रणाचं दुखणं निराळं. स्वरतंतूच्या पातळ आवरणाखाली एक मऊ, लिबलिबीत थर असतो, सुराची लाट त्याच्यावर उठते. तिथे ताठ तंतू माजले, की पखवाजाच्या पुडीवर डिंक सांडून वाळावा तसं होतं.

तुम्ही वाचलेलं जेल हा थर परत घडवण्यासाठी आहे. त्याची परीक्षा मात्र कडक. काळी एकच्या मधल्या सा ला स्वरतंतू सेकंदाला सुमारे 138 वेळा एकमेकांवर आपटतात, तार सा ला दुप्पट. दोन तासांच्या कीर्तनात निम्मा वेळ आवाज लागलेला धरला, तरी पाच लाखांच्या घरात आपट्या! कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात कायटोसानपासून (कोळंबी-खेकड्याच्या कवचातून मिळणारा पदार्थ) केलेलं एक जेल जिवंत पेशींसकट असंच कंपवून पाहिलं. सेकंदाला 120 च्या गतीने 60 लाखांहून अधिक कंपनं झाली, तरी जेल टिकलं आणि पेशीही जगल्या. हे 2021 मध्ये प्रसिद्ध झालं. तुमच्या हिशेबाने डझनभर कीर्तनं. पण यंत्रात, घशात नव्हे.

टिकणं पुरत नाही, जेल थरथरायलाही हवं. त्यासाठी कापून काढलेलं जनावराचं स्वरयंत्र नळीवर बसवतात, स्वरतंतू जवळ आणतात, त्यात जेल भरतात आणि खालून कोमट, दमट हवा सोडतात. किती दाबाला आवाज फुटतो ते मोजतात. जास्त जोर लागला, तर जेल ताठ झालं म्हणायचं. मग जिवंत सशांवर प्रयोग. ससा काही अभंग म्हणून दाखवत नाही, तेव्हा व्रण किती उरला हे शेवटी कापूनच बघावं लागतं. गाणाऱ्या माणसापर्यंतचा पल्ला इथून पुढे लांबच आहे.

आम्ही सावध असतो, त्याला इतिहास आहे. 1911 मध्ये डॉक्टर ब्रुनिंग्ज यांनी स्वरतंतूत पॅराफिन, म्हणजे मेण टोचलं, 1962 मध्ये डॉक्टर अरनॉल्ड यांनी टेफ्लॉन. टेफ्लॉन वर्षानुवर्षं चाललं आणि मग कित्येकांच्या घशात त्याच्याभोवती गाठी झाल्या. त्या काढणं म्हणजे डॉक्टरांनाच घाम.

तेव्हा आधी स्ट्रोबोस्कोपी, म्हणजे लुकलुकत्या प्रकाशात स्वरतंतूंची थरथर पाहायची तपासणी, करून घ्या. लाट कुठे अडते ते दिसेल, आणि फटही असेल तर कळेल. फट निघाली, तर साध्या जेलचा थोडा उपयोग होऊही शकतो. पण टोचणाऱ्याला जेल कुठलं, कशासाठी आणि किती महिने टिकणार, हे तोंडावर विचारा. आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या थेरपिस्टकडे नेमाने जा. ऑपरेशनचे जुने कागद सोबत न्या. आषाढीच्या तारखा घ्या, पण पट्टी तूर्त उतरवा. वरचा सा टाळकऱ्यांना लावू द्या.