जुनी खेळणी जमवू लागणाऱ्यांसाठी
लहानपणी ज्या खेळण्याने वेड लावले, त्या एकाच मालिकेपासून संग्रहाला सुरुवात करावी, असे मी सुचवेन. हॉट व्हील्स या खेळण्यातल्या छोट्या गाडीच्या तळावर कोरलेले वर्ष बहुधा त्या साच्याच्या स्वामित्वहक्काचे असते, उत्पादनाचे नव्हे. त्यामुळे विक्रेता कितीही छातीठोकपणे सांगो, केवळ तो आकडा पाहून जादा किंमत मोजू नये. १९८९ साली आलेल्या गेम बॉय या हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेम यंत्राच्या अनेक कार्ट्रिजमध्ये, म्हणजे खेळ साठवलेल्या व यंत्रात खोचायच्या डब्यांमध्ये, खेळाची प्रगती जपणारी नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली की साठवलेली प्रगती पुसली जाते, पण खेळ सहसा सुरू होतो, म्हणून असे कार्ट्रिज निकामी समजू नये. न वापरल्या जाणाऱ्या यंत्रातील सेल मात्र आधी काढावेत, कारण ते गळले की आतील धातूच्या पट्ट्या गंजतात. खेळणे न उघडलेल्या खोक्यातच हवे असा हट्ट, माझ्या मते, नवख्याने धरू नये.