यादीतली ‘एक भगिनी’

ऐरोलीच्या एका ताईंच्या चार पानी पत्रातला मुख्य भाग असा:

“आईचा शेवटचा महिना इस्पितळात गेला. पुण्याचा भाऊ एकदाच येऊन गेला, सारे मीच केले. एका रात्री तिची तडफड पाहवेना, तेव्हा ‘प्रभू, आता हिला ने’ अशी प्रार्थना मी केली आणि पहाटे ती गेली. त्या प्रार्थनेत आईविषयीची दया किती होती आणि माझा थकवा किती, हे मला अजून ठरवता येत नाही. गेले दीड वर्ष स्वतःसाठी प्रार्थना करण्याचे धाडस होत नाही. रविवारी ठाण्याला उपासनेला जाते, पाळकसाहेबांना माझ्यासाठी प्रार्थना करायला सांगते. मंडळीच्या प्रार्थना-विनंत्यांची यादी दर शनिवारी मीच टाइप करते. तीत माझीही विनंती असते, ‘एका भगिनीच्या मनःशांतीसाठी’ अशी. माझ्यासारखीने देवापुढे कोणत्या तोंडाने जावे?”

ताई, तुमच्या भावाने पत्राची दीड पाने घेतली आहेत, पण त्याच्याविषयी मी काहीही लिहिणार नाही, कारण तुमची प्रार्थना त्याने अडवलेली नाही. ती अडली आहे, ते यादीच्या त्या ओळीत, जी तुम्ही जाता जाता सांगितलीत. कोणाचे ऑपरेशन, कोणाच्या मुलाची नोकरी, सारे नावानिशी टाइप करणारी बाई स्वतःपाशी आली की ‘एक भगिनी’ होते. याला तुम्ही नम्रता समजत असाल; मला ते लपणे वाटते, आणि दीड वर्ष लपणे फार झाले.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या 5व्या अध्यायातली, 12 वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री आठवा. तीही गर्दीत मागून आली, येशूच्या वस्त्राला शिवली आणि बरी झाली. तिचे काम झाले होते, कोणाला कळू न देता ती घरी गेली असती. येशू ज्या याईराच्या घरी निघाला होता, त्याची मुलगी मरणाच्या दारी होती, इतक्या गर्दीत कोण शिवले म्हणून काय विचारता, असे शिष्य म्हणत होते, तरीही येशू तिथेच थांबून तिला शोधत राहिला. तेव्हा ती भीत, कापत पुढे आली, त्याच्या पाया पडली आणि तिने सारे खरे सांगून टाकले. त्याने तिला ‘मुली’ म्हटले, ते त्यानंतर. तिचे कापणे थांबेपर्यंत तो वाट पाहत राहिला नाही, आणि तुम्ही मात्र भीती गेल्यावर जाईन म्हणता.

कृपेच्या राजासनाजवळ धैर्याने जाण्याविषयीचे इब्री 4:16 तुम्हाला पाठ असेल. आता त्याच्या आधीचे वचन वाचा. सर्व प्रकारे आपल्यासारखा पारखला गेलेला, तरी निष्पाप राहिलेला आणि आपल्या दुर्बलतेविषयी कळवळा असलेला प्रमुख याजक, म्हणजे येशू, आपल्याला आहे, असे तिथे सांगितले आहे. आपल्या धैर्याचा आधार तो आहे. आपला हेतू निर्मळ ठरणे हा नाही. पूर्वी मंदिरातल्या पडद्याआडच्या परमपवित्रस्थानात प्रमुख याजक वर्षातून एकदाच जाई आणि स्वतःच्या पापांसाठीही रक्त घेऊन जाई. मंदिराचा तो पडदा येशूच्या मरणसमयी वरपासून खालपर्यंत फाटला. त्या रात्री दया किती आणि थकवा किती, हा हिशेब तुम्हाला कधीच लागणार नाही, कारण महिनाभर जागलेल्या लेकीच्या प्रार्थनेत दोन्ही असतेच. खचलेल्या एलीया संदेष्ट्याने तर रानात झुडपाखाली बसून स्वतःसाठीच मरण मागितले होते. देवदूताने त्याला रागावून नव्हे, तर भाकर आणि पाणी देऊन उठवले, आणि तो पुन्हा निजला तेव्हा निजू दिले.

तेव्हा आज रात्री दार लावून घ्या आणि ते वाक्य, जसे त्या रात्री म्हटलेत तसेच, देवासमोर मोठ्याने म्हणा. थकले होते, सुटका हवी होती, आईचे हाल पाहवत नव्हते, हे सारे तुमच्याच शब्दांत सांगा. पाळकसाहेबांची वाक्ये उसनी घेऊ नका. आवाज फुटला नाही, रडू आले, तरी उठू नका.

येत्या शनिवारी यादीत स्वतःचे नाव आडनावासकट लिहा. पुढे ‘आईच्या वियोगाच्या दुःखात’ एवढे पुरे. त्या रात्रीचा तपशील मंडळीला देण्याचे कारण नाही.