स्पोर्टी सेडान घ्यायची? आधी रोजच्या रस्त्यावर चालवून बघा

तुमचं पत्र थोडक्यात असं: रविवारी सकाळी स्पोर्टी लक्झरी सेडान महामार्गावर आणि घाटात चालवलीत, तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. किमतीचे १० टक्के मुलीच्या शिक्षणाच्या फंडातून काढायचे, बाकीच्यासाठी ९ टक्के व्याजाने ७ वर्षांचं कर्ज. हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या २५ टक्के. घराच्या हप्त्यात ३० टक्के आधीच जातात.

अशा पद्धतीने ही गाडी घेऊ नका. तुमची आवड मला समजते. वळणावर गाडी झुकत नाही, स्टीअरिंगवर हात वळेल तशी ती वळते, तो आनंद खरा आहे. पण तुम्हीच लिहिलंय की महिन्यातले बावीस दिवस गाडी शहराच्या गर्दीत चालणार. त्या रस्त्यावर तुम्ही ती चालवलेलीच नाही.

पुन्हा टेस्ट ड्राइव्ह मागा, या वेळी ऑफिस सुटायच्या वेळेला. मागे आईवडिलांना आणि मुलीला बसवा. कमी उंचीच्या सीटवरून वडिलांना उठताना त्रास होतो का, भरल्या गाडीचं पोट स्पीडब्रेकरला लागतं का, हे बघा. खड्ड्यांच्या रस्त्यावर कम्फर्ट (मऊ चाल) आणि स्पोर्ट (कडक चाल) हे दोन्ही मोड लावून पाहा. मोठी चाकं आणि कमी उंचीचे टायर घाटात पकड देतात, पण खड्ड्यात धक्का थेट पाठीला बसतो. टायर आणि रिमलाही इजा लवकर होते. काही मॉडेल्सना पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या मापाचे असतात. त्यांची पुढे-मागे अदलाबदल करता येत नाही, त्यामुळे बहुतेकदा मागची जोडी लवकर झिजते. हा खर्च हप्त्याच्या गणितात कुणीच धरत नाही.

आता कर्ज. सात वर्षांत दर १०० रुपयांमागे सुमारे ३५ रुपये व्याज जाईल. मला जास्त काळजी आहे ती तिसऱ्या वर्षाच्या शेवटाची. तेव्हा गाडीच्या मूळ किमतीच्या सुमारे ५८ टक्के कर्ज बाकी असेल, आणि या वर्गातल्या गाडीची किंमत तोवर निम्म्यावर येणं मुळीच नवलाचं नाही. नोकरीत काही बिनसलं, तर गाडी विकूनही कर्ज फिटणार नाही. मिळकतीतले ५५ टक्के हप्त्यांत अडकलेल्या घराला हा धोका झेपत नाही. आणि मुलीच्या फंडाला तर हातच लावायचा नाही.

माझा मार्ग थोडा लांबचा आहे. पुढचे १८ महिने गाडीचा हप्ता सुरू झालाय असं समजून तेवढी रक्कम दर महिन्याला बाजूला टाका. ओढाताण झाली, तर उत्तर तिथेच मिळेल, तेही कर्ज न काढता. निभावलं, तर नव्या गाडीच्या किमतीच्या २६ टक्के रक्कम हाताशी येईल. निम्म्या किमतीत मिळालेल्या तीन वर्षं जुन्या, वॉरंटीसह तपासून दिलेल्या त्याच गाडीचे अर्ध्याहून जास्त पैसे त्यात भागतात. उरलेल्या रकमेचं कर्ज काढून तीन वर्षांत फेडा. जुन्या गाडीला व्याज थोडं जास्त धरलं, तरी हप्ता आजच्या अंदाजाच्या निम्म्याच्या आसपास येतो.

दुसऱ्या टेस्ट ड्राइव्हला जाल तेव्हा शोरूममधून चार टायरचा संच, विमा आणि वॉरंटीनंतरची वार्षिक सर्व्हिस यांचे आकडे लेखी घ्या आणि मला पाठवा. तुमच्या पगाराशी जुळवून आपण पुढचा हिशोब मांडू.