मी झोपले, तर माझ्या मुलीला कोण सांभाळणार?

प्रश्न : ताई, प्रभूच्या नावात सलाम. माझी एकुलती एक मुलगी पुण्यात नर्सिंग शिकते. ती गेल्यापासून मला रात्री दोन-अडीचला जाग येते आणि मी गुडघे टेकते. तिचं हॉस्टेल, तिची बस, तिचा वॉर्ड, एकेक आठवून प्रार्थना करते. एखादी गोष्ट राहिली तर नेमकं तिथंच काही वाईट होईल असं वाटतं, मग पुन्हा पहिल्यापासून. पाळकसाहेब म्हणतात, पित्यावर भाव ठेवा. पण मी 'पित्या' म्हणते आणि डोळ्यांपुढे हजेरी घेणारा साहेब येतो. माझा विश्वास कमी पडतोय का?
– एक आई, श्रीरामपूर

उत्तर : माझी सत्तरी उलटली आहे, म्हणून तुला 'तू' म्हणते.

अडीच वाजता गार फरशीवर गुडघे टेकणारीला मी अविश्वासू कशी म्हणू? पण बाई, तू देवाचं काम स्वतःच्या अंगावर घेतलंयस. ते कुठल्याच आईला झेपणारं नाही.

2011 साली माझे यजमान दवाखान्यात होते. नऊ रात्री मी त्यांच्या कॉटपाशी स्टुलावर बसून प्रार्थना केली. दहाव्या रात्री भिंतीला डोकं टेकलं आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा नर्स पडदा ओढत होती. मी झोपले म्हणून ते गेले, हे मी कितीतरी वर्षं मनात धरून होते. प्रार्थनेला बसलं की 'क्षमा कर'च्या पुढे शब्दच फुटत नसे.

मग एका रविवारी शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या वर्गात, उधळ्या पुत्राची गोष्ट सांगत होते, लूकच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायातली. बापाकडून घेतलेला वाटा उधळून कंगाल झालेला तो धाकटा मुलगा घरी निघण्याआधीच बापाला काय बोलायचं ते ठरवतो : मी पाप केलंय, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला एका मोलकऱ्यासारखं ठेवा. एका पोरानं विचारलं, "टीचर, मग ते मोलकऱ्याचं तो बोलला का?" मी पान उलटून पाहिलं. नाही बोलला. तिथवर येईपर्यंत बापानं झगा आणायला माणसं धाडलीसुद्धा! आयुष्यभर वाचूनही हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आणि घरीच राहिलेला थोरला म्हणतो, इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय. तुझा हजेरीवाला साहेब आहे ना, तो या थोरल्याच्या डोक्यात आहे. बाप तर त्यालाही समजवायला अंगणात येतो.

त्या रात्री मला माझे वडील आठवले. आम्ही भिंगारला राहायचो. 31 डिसेंबरची रात्रीची उपासना आटोपली की नगरहून सायकलनं परतायचं, मी मागे कॅरिअरवर. नगरची थंडी तुला ठाऊक आहे. झोपेत पडेन या भीतीनं मी त्यांचा कोट मुठीत गच्च धरायची, बोटं बधिर व्हायची. एका वर्षी त्यांनी आईची जुनी शाल माझ्या पाठीमागून घेऊन स्वतःच्या पोटावर गाठ मारली आणि म्हणाले, "आता झोप आली तर झोप." तरी मी लष्कराच्या फाटकापर्यंत मूठ सोडली नाही. पुढचं मला आठवत नाही. सकाळी अंथरुणात जाग आली, पायांत मोजे तसेच होते.

आता काहीच वाईट होणार नाही, असं मी तुला सांगणार नाही. माझे यजमान गेलेच. मार्कनं आपल्या शुभवर्तमानात 'अब्बा', म्हणजे 'बापा', ही हाक येशूच्या तोंडी दिली आहे ती अटकेआधी गेथशेमाने बागेत, हा दुःखाचा प्याला टळू दे म्हणून विनवताना. प्याला टळला नाही. तरी लूक सांगतो, वधस्तंभावरचं त्याचं शेवटचं बोलणं 'बापा' म्हणूनच सुरू झालं. मी याच बापाच्या भरवशावर झोपते.

'पित्या' जड वाटत असेल तर 'बाबा' म्हण. नगरला राहिलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तर ख्रिस्ताला माउली म्हटलं आहे.

आज निजताना मुलीचं नाव एकदाच घे, "बाबा, ही तुझी," म्हण आणि दिवा मालव. जाग आली तर यादी काढू नकोस. स्तोत्र 4 मधली शेवटची, स्वस्थ पडून झोपी जाण्याची ओवी मनात म्हण आणि कूस बदल. छातीत धडधडत असेल तर डॉक्टरांना दाखव, त्यात अविश्वास नाही. आणि रविवारी उपासनेनंतर मुलीला फोन कर. वॉर्डाचं काही विचारू नकोस, काय जेवलीस ते विचार.