वळवात घराचे पत्रे उडाले. सरकारी भरपाई कशी मिळते, आणि परत पत्रेच घालावेत का?

तुम्ही निपाणीकडचे, वळवाच्या वाऱ्यात अर्ध्या घरावरचे पत्रे गेले असं लिहिलंय. भरपाईचं खाली सांगतो, आधी पत्र्याचं, कारण या पत्र्यापायी माझं आणि थोरल्या भावाचं चार महिने बोलणं बंद होतं.

आमचं घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अंगाला. पाऊस किती ते सांगायला नको. आजोबांनी बांधलेलं, मातीच्या भिंती, किंदळाचे वासे, वर मंगलोरी कौलं. दर मे महिन्यात शाकारणी, फुटकी कौलं बदला, कुजलेल्या रिपा काढा, आढ्यावरचे कोने परत बसवा. बाबा होते तोवर स्वतः वर चढायचे. बाबा गेले, दादा पुण्यात, मी बेळगावात उद्यमबागला टर्नर, गावात आई एकटी. त्यात वानरं. टोळी एकदा घरावरनं गेली की पंधरा-वीस कौलं गेलीच म्हणून समजा, आणि शाकारणीला आता माणूसही मिळत नाही, मिळाला तर हजेरी ऐकून आपणच वर चढावं वाटतं. तेव्हा दादाचा वैताग खोटा नव्हता, हे आधीच कबूल करतो.

2019 च्या ऑगस्टात जो पाऊस झाला त्यात माजघरात चार ठिकाणी पातेली ठेवली होती. दादा म्हणाला बस्स झालं, आणि जानेवारीत पत्रे घातले. मला विचारलं नाही, सांगितलं. फॅब्रिकेशनवाला आला, तीन दिवसांत कौलं खाली, वासे खाली, चौकोनी पाइप भिंतीत खोचून त्याला मूठभर सिमेंट, वर लालभडक पत्रे. मी एवढंच विचारलं की दादा, मातीच्या भिंतीत हा पाइप वीतभरच गेलाय, धरून कोण ठेवणार याला? तर म्हणे, "तू कधीपासून इंजिनियर झालास?" उतरवलेली कौलं त्यानं एका रिसॉर्टवाल्याला विकली, ते तर मला आजही झोंबतं.

मग 2021 चं तौक्ते. 16 मे, रविवार. लॉकडाऊनमुळं मी गावीच होतो. वादळ समुद्रात, गोव्यासमोरनं चाललेलं, पण आमच्याकडंही रात्रभर झाडं घोंगावत होती. पहाटे पडवीचा पत्रा आधी फडफडायला लागला, मी म्हटलं एखादा स्क्रू सुटला असेल, आणि दोन मिनिटांत पडवी, माजघर, सगळं एकदम उचललं. नुसते पत्रे नाही हो, पाइपासकट! भिंतीच्या वरच्या मातीचे ढेकळंच्या ढेकळं घेऊन छप्पर जाऊन पडलं शेजाऱ्यांच्या काजूत. माणूस कुणी बाहेर नव्हतं म्हणून वाचलं, उडता पत्रा म्हणजे कोयताच. मी आ वासून आभाळाकडं बघत उभा आणि आई ओरडतेय, "वर काय बघूलालास, गादी उचल आधी!"

गाद्या, भाताची पोती, टीव्ही सगळं घेऊन गेलो कुठं, तर गोठ्यात. कारण गोठ्यावर दादानं खर्च केला नव्हता, तिथं जुनी कौलंच होती. तीस-चाळीस सरकली होती, दुपारपर्यंत मी एकट्यानं परत लावली. म्हशी कोरड्या आणि आम्ही भिजलेलो. ताडपत्री आणायची तर दुकानं सकाळी दहाला बंद, शेवटी शेजारच्या काकांनी मळणीची ताडपत्री दिली, ज्यांची काजूची झाडं आमच्या पत्र्यांनी मोडली होती त्यांनीच. दादाला फोन केला तर पहिलं वाक्य, "स्क्रू नीट मारले नसतील." मी फोन ठेवला.

स्क्रूचा प्रश्नच नव्हता. मंगलोरी कौल एकेक दोन-अडीच किलोचं, शंभर चौरस फुटाला तीनशे किलोच्या वर वजन जातं. पत्रा तेवढ्याच जागेला पन्नासच्या आत. जुनी घरं त्या वजनावर बसलेली असतात, वासे भिंतीला कुणी बांधलेले नसतात, गरजच नव्हती. आणि वारा जोरात असला की कौलांच्या फटीतनं थोडा निसटतो, पत्र्याखाली मात्र कोंडतो, वरनं ओढतो आणि खालनं ढकलतो. सगळ्यात जास्त ओढ कडेला, कोपऱ्यांना आणि पुढं काढलेल्या पडवीला. म्हणजे छप्पर हलकं केलं तर ते खाली बांधायला लागतं, हे कुणी सांगतच नाही, सगळे फक्त पत्र्याचा रंग विचारतात.

तेव्हा तुमचं उत्तर: पत्रे घाला, पण भिंती मातीच्या असतील तर वरनं आरसीसीचा पट्टा ओतून घ्या आणि पाइपाच्या प्लेटा त्यात नटबोल्टनं धरा, नाहीतर खांब जमिनीपासून उभे करा. कडेच्या दोन ओळींना स्क्रू दाट मारा, रबरी वायसर लावून. पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं ठेवा, गेलं तर तेवढंच जाईल. आणि घरात वर चढणारं माणूस असेल तर कौलंच. स्लॅबचं मला विचारू नका, मातीच्या भिंतीवर स्लॅब टाकतो म्हणणारा गवंडी भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आता भरपाई. काहीही झाकायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढा, आतनं पण. तलाठ्याला आणि पंचायतीच्या पीडीओला, म्हणजे विकास अधिकाऱ्याला, त्याच दिवशी लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि अर्ज कन्नडात लिहून घ्या. मराठीत दिला म्हणून वाद घालायचा तर जरूर घाला, मीही घालतो, पण पाऊस तोंडावर असताना नको. पंचनाम्यात "अंशतः" की "पूर्ण" काय लिहिलंय ते उभं राहून वाचून घ्या, सगळा खेळ त्या शब्दावर आहे. केंद्राच्या 2022 च्या निकषांत किमान पंधरा टक्के नुकसान असेल तर पक्क्या घराला 6,500 आणि कच्च्याला 4,000, पूर्ण पडलेल्याला सपाटीवर 1,20,000 ठरले होते. राज्य सरकार कधीकधी वरनं भर घालतं. आम्हाला तेव्हा जुन्या दरानं 3,200 मिळाले, तेही घर बाबांच्या नावावर असल्यामुळं नाडकचेरीतनं, म्हणजे महसूल कचेरीतनं, वंशवृक्ष (वंशावळीचा दाखला) काढेपर्यंत दिवाळी आली. तुमचा ई-स्वत्तूचा (पंचायतीच्या ऑनलाइन मिळकत नोंदीचा) उतारा कुणाच्या नावावर आहे ते आजच बघा.

विमा असेल तर कंपनीला कळवल्याशिवाय आणि त्यांचा सर्वेअर बघून गेल्याशिवाय मलबा हलवू नका, पाऊस आत येत असेल तर फोटो काढून ताडपत्री मात्र घाला. नसेल तर भारत गृह रक्षा पॉलिसीत वादळ येतं, पुढच्या वेळेला बघा.

आमच्या माजघरावर परत कौलं चढली, जुन्या बाजारातनं विकत घेऊन, म्हणजे आपलीच विकून परत पैसे देऊन. त्या गणपतीला दादा आला, पडवीत उभा राहून वर बघितलं आणि चार महिन्यांनी पहिल्यांदा बोलला, "वानरं आली नाहीत काय अजून?"

आणि हे वर लिहायला पाहिजे होतं: पत्रा विजेच्या तारेवर पडला असेल तर हात लावू नका, हेस्कॉमला, म्हणजे वीज कंपनीला, फोन करून लाइन बंद करून घ्या. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांच्यावर पाय देऊन चढू नका, दिसतात धड पण मधोमध फुटतात.