मूरच्या मुलांना काय लिहावं?

सर, नमस्कार.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. औसा तालुक्यातली शाळा, सातवीचा वर्ग, अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या मूर गावाहून आलेली पत्रं आणि जवळपास प्रत्येक पत्रात टोर्नेडो. त्यावर तुमच्या मुलांनी उत्तरात लिहिलेलं पहिलंच वाक्य: "तुम्ही ते गाव सोडून का जात नाही?" हे वाक्य ठेवावं की खोडावं, असं तुम्ही विचारलंय. माझं माहेर उदगीरचं. २००१ पासून मी मूरला लागूनच असलेल्या नॉर्मनमध्ये राहते आणि इथल्या एका शाळेसाठी काही वर्षं अशाच पत्रांचं भाषांतर करत होते. त्यामुळे जरा लांबण लावते, सांभाळून घ्या.

खोडू नका. पण पाकिटात घालण्याआधी हाच प्रश्न मुलांना घरी विचारायला सांगा. आजीला, आजोबांना. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. त्यानंतर आपण गाव सोडून का नाही गेलो? तुमच्या भागात असं घर क्वचितच असेल जिथे ती रात्र कुणाला आठवत नाही. उत्तरं अगदी साधी येतील. रान इथंच होतं. गुरं होती. जायचं कुठं? माझी मावशी त्यानंतर कित्येक वर्षं माळवदाखाली झोपली नाही, अंगणात बाज टाकायची. पण गाव सोडायचा विषय तिच्या तोंडून कधी निघाला नाही. मुलांनी हे आधी लिहावं आणि मग "तुम्ही का जात नाही?" असं विचारावं. मग तो प्रश्न बरोबरीच्या माणसाने विचारलेला वाटतो. नाहीतर त्यात "काय वेडे आहात का?" असा सूर लागतो, आणि दहा-बारा वर्षांच्या पोराला तो बरोबर ऐकू येतो.

मूरचं थोडं माहीत असू द्या. ३ मे १९९९ ला तिथून गेलेल्या टोर्नेडोत फिरत्या रडारने मोजलेला वारा ताशी ३०० मैलांच्या वर होता, म्हणजे जवळपास ४८० किलोमीटर. पुन्हा २० मे २०१३ ला, सोमवारी दुपारी शाळा भरलेली असताना, सर्वांत वरच्या प्रतीचा म्हणजे ईएफ-५ टोर्नेडो त्याच गावावरून गेला. २४ माणसं गेली, त्यांत एका प्राथमिक शाळेतली ७ मुलं होती. आता पत्र लिहिणारी मुलं त्या वेळी जन्मलेली नव्हती किंवा पाळण्यात होती. त्यांना हे आईबापांच्या तोंडून कळलंय, जसं तुमच्या मुलांना किल्लारी कळली. म्हणून "किती मेले?" हा प्रश्न मात्र नको. एखाद्याने आपणहून लिहिलं तर वाचावं, वाईट वाटलं असं कळवावं, खोदू नये.

आता माझी चूक सांगते, म्हणजे तुमची टळेल. पहिल्या वर्षी मी सगळीकडे टोर्नेडोला "चक्रीवादळ" लिहिलं. उत्तरं आली ती अशी: तुमच्या गावापासून समुद्र किती लांब आहे? कोळी लोक होड्या कुठे बांधतात? वादळाला नाव काय दिलं होतं? मुलांचं काही चुकलं नव्हतं. निसर्ग आणि तौक्ते ही चक्रीवादळं त्यांनी टीव्हीवर पाहिली होती. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरतं, समुद्रावर तयार होतं, त्याची चाहूल चार दिवस आधी लागते. टोर्नेडो हे ढगातून जमिनीपर्यंत उतरलेलं फिरणाऱ्या हवेचं सोंडेसारखं टोक. बहुतेकांची रुंदी काही शे मीटरच्या आत असते आणि बरेचसे दहा मिनिटांत विरतात. एका आळीची घरं भुईसपाट होतात आणि पलीकडच्या आळीत दोरीवरचे कपडे तसेच असतात. वावटळ म्हणावं तर तीही नव्हे. वावटळ तापलेल्या रानातून वर उठते, तिला ढग लागत नाही. सरळ टोर्नेडो लिहा.

तो कसा होतो हे मुलांना वळवाच्या पावसावरून छान समजतं. मे महिन्यातली दुपार, अंगाची लाही, हवा दाबून धरल्यासारखी, मग एकदम काळं भरून येतं, वारा सुटतो, गारा. इथे तेच, पण तीन गोष्टी जास्त. दक्षिणेकडून मेक्सिकोच्या आखातावरची दमट हवा येते. पश्चिमेच्या वाळवंटी पठारावरून कोरडी, गरम हवा येऊन तिच्यावर झाकणासारखी बसते. आणि उंचावर वेगळ्याच दिशेने फार जोराचा वारा वाहत असतो. खाली एका दिशेचा वारा, वर दुसऱ्या. मधली हवा लाटण्यासारखी आडवी गरगरायला लागते. झाकण फुटून गरम हवा उसळली की ते लाटणं उभं होतं आणि अख्खा ढगच फिरू लागतो. अशा फिरणाऱ्या प्रत्येक ढगातून टोर्नेडो उतरतोच असं नाही. का उतरतो आणि का नाही, यावर नॉर्मनमध्ये आजही डोकेफोड चालते. देशभरातल्या टोर्नेडोंचा अंदाज देणारं केंद्र इथेच, माझ्या घरापासून गाडीने थोड्या अंतरावर आहे. आणि हो, "आमच्या आशियात असं होत नाही" असं कुणी लिहिलं असेल तर तेवढं खोडा. आजवरचा सर्वांत जीवघेणा मानला जाणारा टोर्नेडो २६ एप्रिल १९८९ ला बांगलादेशात झाला; सुमारे १३०० माणसं गेली.

पत्रांत दोन शब्द सारखे येतील, वॉच आणि वॉर्निंग. वॉच म्हणजे आज हवा तशी आहे, लक्ष ठेवा. वॉर्निंग म्हणजे रडारवर किंवा डोळ्यांनी दिसलाय, आत जा. २०१३ ला मूरसाठी वॉर्निंग निघाली आणि १६ मिनिटांनी तो जमिनीला टेकला. एवढाच वेळ असतो. तेवढ्यात मुलं काय करतात हे विचारा, कारण पत्रांतला सगळ्यांत जिवंत भाग तोच असतो. बूट घालतात, कारण नंतर सगळीकडे काचा असतात. डोक्याला सायकलचं हेल्मेट. काही आया पोरांच्या दंडावर मार्करने नाव आणि फोन नंबर लिहितात. मग गॅरेजच्या फरशीत पुरलेल्या लोखंडी पेटीत उतरायचं आणि वरून झाकण ओढून घ्यायचं. नाहीतर घराच्या मधोमध, खिडकी नसलेल्या कपाटाच्या खोलीत किंवा बाथटबमध्ये, अंगावर गादी घेऊन बसायचं. कुत्रा आत येतो का? मांजर येतं का? आजी उतरते की "मी इथेच बरी" म्हणते? आमच्या एका वर्षीच्या पत्रांत एका मुलीने लिहिलं होतं की शेल्टरमध्ये, म्हणजे त्या पुरलेल्या पेटीत, सगळ्यांत जास्त भीती तिला आधीच आत बसलेल्या कोळ्याची वाटते. त्या एका ओळीवर अर्ध्या वर्गाने उत्तरं लिहिली. विंचवाच्या गोष्टी, सापाच्या गोष्टी, एकाच्या आजोबांच्या धोतरात शिरलेल्या पालीची गोष्ट. त्यानंतर ती पत्रं खरी पत्रं झाली.

शनिवारी दुपारी १२ ला, आभाळ स्वच्छ असलं तर, इथले भोंगे चाचणीसाठी वाजतात. आमची पोरं त्यावर जेवायला येतात. नगरपालिकेच्या भोंग्यावर ज्यांनी घड्याळं लावली त्यांना हे वेगळं सांगायला नको. गारांची मापंही विचारा. इथे नाण्यावरून, गोल्फच्या चेंडूवरून सांगतात. आपण हरभऱ्याएवढी, बोराएवढी, लिंबाएवढी म्हणतो. २०१४ च्या गारपिटीत तुमच्याकडे केवढ्या पडल्या होत्या, ते पालकांना विचारून लिहायला लावा.

पण सगळं पत्र वादळाने भरू नका. तिथली मुलं टोर्नेडोबद्दल लिहितात, कारण परदेशी माणसाला तेवढंच ऐकायचं असतं असं त्यांना वाटतं. आपली मुलं याच कारणाने ताजमहाल आणि वाघ लिहितात. ताजमहाल काढून टाका सर, औशाला तो कुणी पाहिलाय? त्यापेक्षा भेंडी लिहा. ओक्लाहोमाने १९८८ मध्ये राज्याचं अधिकृत जेवण ठरवलं, त्यात तळलेली भेंडी आहे आणि चवळीही आहे. भेंडीची भाजी कशी करतात हे एका मुलाने लिहून पाठवलं, तर इथल्या आजीसुद्धा वाचतील. त्यांची माती लालभडक, तुमची काळी. त्यांचा गहू जूनमध्ये काढतात, तुमचा उन्हाळ्याच्या तोंडाशी. शुक्रवारी रात्री अख्खं गाव शाळेचा फुटबॉल बघायला जमतं, तो फुटबॉल आपला नव्हे, अंड्याच्या आकाराचा चेंडू हातात घेऊन पळायचा.

एक गंमत आधीच सांगून ठेवते. पत्रात "आय अ‍ॅम इंडियन" एवढंच लिहिलं तर उलट प्रश्न येईल: कुठल्या जमातीचे? कारण इथल्या मूलनिवासींनाही इंडियनच म्हणतात. ओक्लाहोमा हे नावच चॉक्टॉ या मूलनिवासी जमातीच्या भाषेतलं, अर्थ लाल लोक. राज्यात चाळीसच्या आसपास मूलनिवासी राष्ट्रं आहेत, त्यांतल्या चेरोकींची राजधानी टालेक्वा इथलीच. वर्गात त्या घरांतली मुलं असणारच. "भारतातून, महाराष्ट्रातून" असं लिहा, आणि त्यांच्या घरी आजी कोणती भाषा बोलते तेही विचारा.

राहता राहिलं व्यवहाराचं. पत्त्यात फक्त शाळा, मुलांचा घरचा पत्ता किंवा फोन नको. मुलांचं मराठी पत्र आणि त्याखाली इंग्रजी, दोन्ही पाठवा. भाषांतरात व्याकरण सुधारा, पण मुलांची वाक्यं सुधारू नका. टपालाला दोन-तीन आठवडे धरा, कधी जास्तही. इथली शाळा मेअखेर बंद होते ती थेट ऑगस्टच्या मध्याला उघडते, म्हणून एप्रिल उजाडायच्या आत पाकीट टाका. नाहीतर भेंडीची कृती अडीच महिने कार्यालयातल्या टोपलीत पडून राहील.