पहिल्यांदा सांगितली ती खबर, दुसऱ्यांदा सांगितली ती तक्रार

जुळे सोलापुरातल्या एका वाचकांनी गल्लीतला दिवा बंद आहे म्हणून अर्ज लिहिला. त्यात ‘वारंवार तक्रार करूनही’ असे शब्द होते. एका जाणकारांनी दोन्ही शब्दांवर फुली मारली. म्हणे ‘तक्रार’ परकी, ‘करारा’वरून आलेली, तिच्या जागी ‘गाऱ्हाणे’ घाला. आणि ‘वारंवार’ म्हणजे पाल्हाळ. वाचक विचारतात, खरं काय? आणि जाता जाता कुरकुर, कटकट, किरकिर यांतला फरकही सांगा.

वाक्य होतं तसं ठेवा. फुली मारणाऱ्यांचं तिन्ही बाबतींत चुकलंय. तुम्ही ‘लाइटचा इश्यू आहे’ असं लिहिलं नाहीत, याबद्दल आधी तुमचे आभार. हल्ली कान किटलेत त्या शब्दानं. नळाला चार दिवस पाणी नाही हा इश्यू, शेजाऱ्यानं गाडी आपल्या दारात लावली हा इश्यू, पाठ धरली तर तोही इश्यू. गाऱ्हाणं, फिर्याद, कुरबुर, पिरपिर, भुणभुण, रडगाणं, त्रागा, डोक्याला ताप. एवढे शब्द हाताशी असताना सगळ्यांवर एकच बोळा फिरवायचा? यातल्या कुठल्याही दोन शब्दांची अदलाबदल करून पाहा, वाक्य लगेच अडखळतं. ‘इश्यू’ कुठंच अडखळत नाही, कारण तो काही सांगतच नाही.

आता तक्रार. रोजचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, तो सांगत बसत नाही. शब्द अरबी आहे, फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आला. अरबी धातू क-र-र, म्हणजे परत फिरणं, पुन्हा येणं. त्यापासून ‘तकरार’, म्हणजे पुनरावृत्ती. बस्स, एवढाच अर्थ. राग, दुःख, अन्याय यांचा त्यात लवलेशही नाही. तेच तेच बोललं की हुज्जत होते, म्हणून फारसीत तकरार वादाकडे झुकली. उर्दू-हिंदीत तकरार म्हणजे आजही भांडण. मराठीत ती गाऱ्हाण्याच्या अंगानं वळली. आपल्या सोलापुरात तर या शब्दाचा सगळा गोतावळा एका पेठेत भेटतो. मराठीत तक्रार, कानडीत तकरारु, तेलुगूतही तकरारु, दखनीत तकरार. चार भाषा बोलणाऱ्या गावात चौघांनाही कळणारा शब्द काढून टाका म्हणणाऱ्यांनी विजापूर वेशीपासून अशोक चौकापर्यंत एकदा पायी चालून यावं.

याच धातूचा आणखी एक शब्द फार लोभस आहे. मुशायऱ्यात शेर आवडला की श्रोते ‘मुकर्रर, मुकर्रर!’ असं ओरडतात, म्हणजे पुन्हा म्हणा. ही तक्रारीची सख्खी बहीण. एक बहीण मैफलीत, दुसरी खिडकीपुढच्या रांगेत. फारसीत ‘कंद-ए-मुकर्रर’ म्हणतात, म्हणजे पुन्हा पुन्हा शुद्ध केलेली साखर. आधुनिक अरबीत साखर किंवा खनिज तेल शुद्ध करण्याला ‘तकरीर’ म्हणतात, तीही क-र-र वरूनच, कारण तीच क्रिया पुन्हा पुन्हा करावी लागते. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला साखर आणि तक्रार एका घरच्या निघाव्यात, याचा आनंद होणार नाही तर कुणाला होणार!

आता ते ‘करारा’चं. ‘करार मोडला की तक्रार होते, म्हणून त+करार’ हे मी दोन व्याख्यानांत ऐकलंय आणि दोन्ही वेळा लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऐकायला गोड आहे, पण साफ चूक आहे. अरबीत क दोन आहेत: एक आपल्या क सारखा काफ आणि दुसरा घशातून निघणारा क़ाफ. करार, इकरार, ‘दिवस मुक्रर केला’ मधला मुक्रर, हे सगळे क़ाफवाले. त्यांचा धातू क़-र-र, अर्थ स्थिर होणं, ठरणं. जुन्या मराठी कागदांत जबानी या अर्थानं जी ‘तकरीर’ भेटते तीही त्यांच्यातलीच, साखरेच्या तकरीरीशी तिचं नातं नाही. तक्रार काफवाली. मोडीत आणि बाळबोधीत एकच क असल्यामुळे दोन परकी घराणी आपल्याकडे येऊन एका आडनावाची झाली, आणि मग त्यांची सोयरीक जुळवायला लोक मोकळे.

माझ्या ओळखीचे एक उर्दूचे शिक्षक आहेत. त्यांच्याकडून मी वाणसामानाच्या पावतीमागं दोन्ही शब्द लिहून घेतले. ‘करार’च्या पहिल्या अक्षराच्या डोक्यावर दोन टिंबं; ‘तकरार’च्या दुसऱ्या अक्षरावर टिंब नाही, तिरकी रेघ. हात न उचलता ते म्हणाले, ‘दोन्हींचा काय संबंध?’ ती पावती मी जपून ठेवलीय. अक्षर दाखवल्यावरही हट्ट धरायचा असेल तर तो व्युत्पत्तीचा विषय उरत नाही.

‘गाऱ्हाणे’ देशी म्हणून बरं, हा दुसरा हट्ट. शब्द सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. संस्कृत ‘गर्हणा’वरून आला, म्हणजे निंदा, दोष देणं. म्हणून गाऱ्हाण्यात कुणाला तरी बोल लावलेला असतो आणि ऐकणारा पायरीनं वर असतो: पाटील, सासरे, देव. कोकणात देवापुढं गाऱ्हाणं घालतात, त्या शब्दाची खरी जागा ती. खांबावरच्या दिव्यासाठी कुणाची गर्हणा करायची? शुद्धीचा कैवार घेणारे लगेच सावरकरांचं नाव पुढं करतात. महापौर, दिनांक हे शब्द त्यांनी दिले, ते रुजले, ते मीही रोज वापरतो. पण म्हणून प्रत्येक अरबी-फारसी शब्द हुसकायचा असेल, तर ‘अर्ज’ही अरबीच आहे. दिव्याचं मागणं कशावर लिहिणार?

‘तक्रार निवारण’ हा सरकारी शब्द मात्र मला खरोखर खुपतो. निवारण संकटाचं होतं, दुष्काळाचं होतं. तक्रारीचं निवारण म्हटलं की तक्रार हीच आपत्ती ठरते. दूर व्हायला हवं ते तक्रारीचं कारण.

आता माझं मत. ते कोशात मिळणार नाही, पण वीस वर्षं कान देऊन बनवलेलं आहे. मराठी माणूस तक्रारीचा ‘पुन्हा’ हा अर्थ विसरला, पण मराठी भाषा विसरलेली नाही. पहिल्यांदा सांगतो ते नुसतं सांगणं. दुसऱ्यांदा सांगितलं की त्याची तक्रार होते. पोलीस ठाण्यातला कागद पाहा: त्याला ‘प्रथम खबर’ म्हणतात, प्रथम तक्रार नाही. पहिली ती खबरच. दवाखान्यात पाहा. गुडघ्याची तक्रार, पित्ताची तक्रार, झोपेची तक्रार. सगळी उलटून येणारी दुखणी. रात्री विंचू चावला तर कुणी ‘विंचवाची तक्रार आहे’ म्हणत नाही. काच लागून बोट कापलं तर ती बोटाची तक्रार होत नाही. तेच बोट दर पावसाळ्यात ठणकायला लागलं की होते.

सोलापूरच्या पूर्व भागात एका यंत्रमाग कारखान्यात मी बसलो होतो. मागांच्या खडखडाटात माणूस कानाशी येऊन बोलल्याशिवाय ऐकू येत नाही. सकाळी एक विणकर जॉबरकडं, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याकडं आला आणि म्हणाला, धोटा (आडवा धागा नेतो तो) अडकालाय. जॉबर काही न बोलता पाना घेऊन गेला. तासाभरानं विणकर परत आला, तेच बोलला. जॉबर परत गेला. जेवणाच्या सुट्टीआधी तो तिसऱ्यांदा आला, बोटांना तेल, खांद्यावर सुताचा कचरा, आणि आवाज थोडा चढा: ‘तिसऱ्यांदा सांगालोय.’ तेव्हा जॉबरच्या तोंडून निघालं, ‘लई तकरार करालास बे तू!’ सकाळी हा शब्द त्याला सुचला नव्हता. माग तोच, धोटा तोच, वाक्य तेच. फक्त सांगण्याची खेप बदलली. आणि शब्दही कसा, जोडाक्षराशिवाय, मूळ अरबीला जवळचा: तकरार.

यावर कुणी म्हणेल, ‘माझी ही पहिलीच तक्रार’ असंही आपण म्हणतो. म्हणतोच की. पण त्यात ‘च’ का लावावा लागतो ते बघा. तक्रार पहिली असू शकते हे मुद्दाम सांगावं लागतं. ‘पहिल्याच तक्रारीची दखल घेतली’ ही कौतुकाची गोष्ट वाटते तीही त्यामुळंच.

मग ‘वारंवार तक्रार’ म्हणजे ‘पिवळा पीतांबर’ किंवा ‘गाईचं गोमूत्र’ नव्हे का? नव्हे. पीतांबरातला ‘पीत’ आणि गोमूत्रातली ‘गो’ मराठी कानाला ऐकू येतात, म्हणून ती द्विरुक्ती खटकते. तक्रारीतला ‘पुन्हा’ शब्दाच्या पोटात आहे, ओठावर नाही. शिवाय दोनदा सांगणं वेगळं आणि नऊदा सांगणं वेगळं. ‘वारंवार’ तो हिशेब सांगतो. अर्जात ठेवा, आणि जमलं तर आधीच्या अर्जांच्या तारखाही लिहा.

कुरकुर, कटकट, किरकिर राहिलंच. कुरकुर स्वतःची, ओठातल्या ओठात, काम करत करत केलेली; बाजेची किंवा नव्या चपलेची असते तशी. कटकट दुसऱ्यानं आपल्यामागं लावलेली. म्हणून ‘प्रवाशांची कटकट’ असं छापलं की ती प्रवाशांनी इतरांना दिलेली वाटते, तिथं कुरकुर हवी. किरकिर डोळ्यातल्या कणाची: कारण एवढंसं, पण चैन पडू देत नाही, आपले कानडी शेजारी याच अर्थानं किरिकिरी म्हणतात. कुरबुर दोघांतली, बहुधा घरातली.

आणि हे शब्द एकाखाली एक लिहून बघा. कुर-कुर. कट-कट. किर-किर. पिर-पिर. भुण-भुण. यातला एकही एकदा उच्चारून भागत नाही. नुसतं ‘कुर’ म्हणजे काहीच नाही, ते दुसऱ्यांदा म्हटलं की कुरकुर होते. तिकडं अरबी धातूत शेवटचा र दोनदा येतो, इकडं आपण अख्खा शब्दच दोनदा म्हणतो.